धडक बसलेली घरची चासी: पाइप सरळ करायचा, कापून बदलायचा, की सांगाडाच नवा बांधायचा?

गुण्या (धागा)

घरी बांधलेल्या गाडीची चासी धडकेत वाकली की दोनच सल्ले मिळतात. एक, "ओढून सरळ कर आणि चालव." दुसरा, "भंगारात दे, नवी बांध." मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून हा धागा.

माझ्यापुढची चासी 25 मिमी चौकोनी, 1.6 मिमी जाडीच्या साध्या पोलादी पाइपांची आहे. 1957 च्या लोटस सेव्हनच्या धाटणीची: बारीक पाइप, त्रिकोणांची जाळी, वर रिव्हेट मारलेले अॅल्युमिनियमचे पत्रे. धडक पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बसली. खालचा विशबोन (चाकाला चासीशी जोडणारा इंग्रजी A च्या आकाराचा दांडा) वाकला, त्याच्या ब्रॅकेटमागचा उभा पाइप एका सांध्यातून सुटून आत गेला, वरच्या लांब पाइपाला बाक आला आणि एका तिरक्या पाइपाला पोचा पडला. पायाच्या जागेपासून मागे नजरेला काही खटकत नाही.

माझं मत: वाकलेला पाइप परत वापरू नये. सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण कापावा आणि त्याच मापाचा नवा बसवावा.

अशा जाळीत पाइप लांबीच्या दिशेने एक तर दाबला जातो, नाहीतर ताणला जातो. दाबला जाणारा पाइप सरळ असेपर्यंतच दम धरतो. हिशेब करून बघा: या मापाच्या पाइपाच्या मध्याशी 7 मिमीच्या आसपास बाक असेल, तर तेवढ्याच भाराला बाकाच्या आतल्या बाजूचा स्ट्रेस (धातूवरचा ताण) दुप्पट होतो. त्यात भार वाढला की बाकही वाढतो, म्हणजे प्रत्यक्षात दुपटीवर भागत नाही. सरळ पाइपापेक्षा असा पाइप कितीतरी आधी दुमडतो, आणि तो दुमडला की त्याचा भार शेजारच्या पाइपांवर जातो.

जुना_वेल्डर

हिशेब बरोबर आहे, पण तो वाकड्या पाइपाचा आहे. सरळ केल्यावर बाक उरतोच कुठे?

साधं पोलाद फार सोशिक असतं. ट्रकच्या चासी वर्षानुवर्षं ओढून सरळ केल्या जातात आणि त्यानंतरही ओझं वाहतात. धग द्यायचीच तर 650 अंशांच्या आत ठेवा. पोलाद निळसर दिसतं तेव्हा, म्हणजे 200 ते 300 अंशांच्या टप्प्यात, ते वाकवू नका, कारण त्या वेळी ते ठिसूळ वागतं. एवढं पाळलं तर पाइप वाया जात नाही.

उलट तुम्ही कापता तेव्हा काय होतं ते बघा. एक पाइप बदलायचा म्हणजे दोन टोकांना नवं वेल्डिंग. तिथे आधीच चार-पाच पाइप एकत्र आलेले असतात. ग्राइंडरने जुनं वेल्ड काढताना शेजारच्या पाइपाची भिंत खरवडली जाते. 1.6 मधले 0.4 गेले की चौथा हिस्सा गेला. शिवाय वेल्ड गार होताना आकसतं आणि चांगल्या सांध्याला ओढतं. एका वाकलेल्या पाइपापायी दोन चांगले सांधे बिघडवणं मला मान्य नाही.

गुण्या

दादा, ट्रकची चासी आणि ही जाळी यांचं काम वेगळं. ट्रकचा लांब सी-चॅनल (इंग्रजी C च्या आकाराची पोलादी पट्टी) मुळात वाकण्याचा भार घेण्यासाठीच जाड केलेला असतो. इथे पातळ पाइप फक्त सरळपणाच्या जोरावर उभा असतो. पातळ चौकोनी पाइप वाकतो तेव्हा आतली भिंत चेपते आणि बाजूच्या भिंती फुगतात. लांबीने तो परत सरळ करता येईल, पण त्या जागी चौकोन चौकोन राहत नाही. पुढच्या वेळी तो तिथेच मोडणार. शिवाय एकदा एका दिशेने वाकलेलं पोलाद उलट्या दिशेने मूळ ताकदीच्या आधीच हार मानतं. 650 अंशांची काळजी घेऊनही या दोन गोष्टी बदलत नाहीत.

ग्राइंडरबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. मी वेल्डच्या अलीकडे पाइप कापतो आणि उरलेला खुंट फाइलने उतरवतो. वेळ लागतो, पण शेजारची भिंत शाबूत राहते.

दुहेरी_कर्ण

तुम्ही दोघंही धरून चालला आहात की बिघाड पुढच्या कोपऱ्यातच आहे. हे कशावरून?

त्रिकोणांची जाळी धक्का एका जागी अडवून धरत नाही, पुढे सरकवते. डाव्या कोपऱ्यावरचा मार उजव्या बाजूच्या मागच्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. रंग शाबूत दिसतो आणि वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर असते. साध्या पोलादात चीर बहुतेक वेळा वेल्डच्या कडेलाच सुरू होते. पत्रे काढून, रंग घासून, प्रत्येक सांध्यावर डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती उठून दाखवणारा रंगीत द्रव) मारून तपासायला तयार आहात का? नसाल तर "मागे काही नाही" म्हणू नका.

तयार असाल, तर इंजिन, वायरिंग, ब्रेकचे पाइप, टाकी सगळं उतरवावंच लागणार. म्हणजे चासी उघडी पडलीच. मग नवीच का बांधू नये? पूर्ण गाडीच्या मानाने चासीला लागणारे पाइप किती थोडे असतात, हे बांधणाऱ्याला माहीत असतं. श्रम आहेत, पण गाडी बांधणाऱ्याने तेच श्रम आनंदाने केले होते ना? त्या गाडीत कुणाला तरी शेजारी बसवणार आहात. तिथे "बहुतेक ठीक असावं" हे मला पुरत नाही.

नवशिका

एक विचारतो. चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव), कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल), टो (वरून बघता चाक आत की बाहेर वळलेलं) तिन्ही मूळ आकड्यांवर आले, तर चासी सरळ आहे असं म्हणता येईल ना?

तिरका_पाइप

नाही, आणि हा गैरसमज धोक्याचा आहे. घरच्या गाड्यांत विशबोनच्या टोकाला आटे फिरवून लांबी बदलता येणारे रॉड एंड असतात. ब्रॅकेट 5 मिमी आत गेला असला तरी आटे फिरवून चाक जागेवर आणता येतं. यंत्र हिरवा आकडा दाखवतं आणि चासी वाकडीच राहते. विशबोनचे बिंदू स्टिअरिंग रॅकच्या तुलनेत सरकलेले असले, तर खड्ड्यात चाक वर जाताना आपोआप वळतं. उभ्या गाडीवर हे मोजलं जात नाही. स्प्रिंग काढून चाक वर-खाली करत टो मोजला तरच कळतं.

अलाइनमेंट शेवटी. आधी चासी सपाट टेबलावर, मध्यरेषेचा दोरा ताणून, ओळंब्याने प्रत्येक सस्पेन्शन बिंदू (विशबोन चासीला जोडतात ती जागा) खाली उतरवून मोजायची. दोन्ही कर्ण जुळतात का, डाव्या-उजव्या बाजूचं चाकांमधलं अंतर सारखं आहे का, चारही कोपऱ्यांची उंची मिळते का. 2 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तो कुठून आला हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. पत्र्यांचे रिव्हेटही बघा. भोक लांबट झालं असेल, रिव्हेट तिरका झाला असेल, तर त्या खणात चासी हलली आहे.

आता दुरुस्ती की नवी चासी, यावर. मी ठरवताना तुटलेला सांधा बघतो. पाइप वेल्डच्या शेजारी फाटला असेल, तर वेल्ड पाइपापेक्षा बळकट होतं. असा बांधणारा विश्वासाचा, चासी दुरुस्तीच्या लायकीची. पण वेल्डच सुटून आलं असेल आणि खाली पाइपाची मूळ कड न वितळलेली, स्वच्छ दिसत असेल, तर ते वेल्ड फक्त वर बसलं होतं. पातळ पाइपावर भीतभीत कमी करंटने मिग (तार आपोआप पुढे सरकणारं विजेचं वेल्डिंग) मारलं की असं होतं, आणि बाहेरून ते देखणं दिसतं. अशा वेळी त्याच हाताने, त्याच सेटिंगवर मारलेल्या बाकीच्या सांध्यांवर कसा विश्वास ठेवायचा? तिथे मी दुहेरी_कर्ण यांच्या बाजूने. नवी बांधा.

जुना_वेल्डर

हा निकष पटला. पण सरळ करण्याचं काम सगळं टाकाऊ ठरवू नका. वाकलेले पाइप आधीच कापून टाकले, तर ओढले गेलेले शेजारचे सांधे वाकड्या जागीच अडकून राहतात. नंतर त्यांना मूळ जागी आणायला पकड कुठे घेणार? म्हणून चासी टेबलाला मागच्या बाजूने घट्ट बांधायची, वाकलेले पाइप जागेवर असतानाच चेन लावून किंवा जॅकने पुढचा कोपरा सावकाश ओढायचा, आणि सोडल्यावर किती परत जातो ते मोजत राहायचं. कोपरा मापात आला की तात्पुरते आधार टाके मारून लावायचे. मग एकेक पाइप कापायचा. दोन एकदम कापू नका.

गुण्या

ही पद्धत मला मान्य आहे. मी विरोध करतोय तो सरळ केलेला पाइप गाडीत ठेवून देण्याला. ओढा, जागेवर आणा आणि मग तो बदला.

नवा पाइप बसवताना सगळीकडे आधी टाके, मग समोरासमोरच्या कडांवर आळीपाळीने छोटे छोटे वेल्ड. लांब पाइपाचा एकच तुकडा बदलायचा असेल, तर जोड सांध्यांमधल्या अंतराच्या मधल्या एक-तृतीयांश भागात येऊ देऊ नका, कारण दाबाखाली पाइप तिथेच सगळ्यात जास्त बाजूला वाकू पाहतो. आत घट्ट बसणारी बाही (छोटा आतला पाइप) घालून तिरका काप घ्यायचा, सरळ आडवा नाही. नळ्यांच्या सांगाड्याच्या विमानांची दुरुस्तीही याच पद्धतीने होते.

चाकजोडणी

दुरुस्ती करताना "आता मजबूतच करून टाकू" म्हणून 3 मिमी जाडीचा पाइप घालणारे बघितले आहेत. कृपया करू नका. पुढचा भाग आधी चेपला पाहिजे, म्हणजे पायाच्या जागेपर्यंत धक्का कमी होऊन पोचतो. पुढचा कोपरा जाड केला की पुढची धडक तशीच मागे जाते आणि माणूस बसतो तो खण वाकतो. जुनं माप तेच नवं माप.

आणखी एक. पितळी ब्रेझिंगने (पोलाद न वितळवता फक्त पितळ वितळवून) जोडलेली जुनी चासी असेल, तर त्याच सांध्यावर मिग किंवा टिग (टंगस्टनच्या टोकाने करायचं विजेचं वेल्डिंग) मारू नका. वितळलेलं पितळ तापलेल्या पोलादाच्या कणांमध्ये शिरतं आणि सांधा चिरतो. तिथे ब्रेझिंगच करा. चासी क्रोमोलीची, म्हणजे 4130 या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची असेल, तर धग देऊन सरळ करण्याचा विचारही नको. तापवून गार होताना ते कडक होऊन ठिसूळ बनू शकतं.

वाकलेला विशबोन आणि धडकेत ताणले गेलेले सीटबेल्ट यांवर चर्चा नकोच. ते बदलायचेच.

दुहेरी_कर्ण

पद्धत चांगली आहे, पण माझा प्रश्न अजून तसाच आहे. तुम्ही सगळे मागचे सांधे ठीक आहेत असं धरून पुढच्या कोपऱ्याबद्दल बोलताय. ओढतानाही जोर त्याच मागच्या सांध्यांवर येणार. म्हणजे धडकेने एकदा, दुरुस्तीने दुसऱ्यांदा.

आणि ही गाडी उद्या विकली तर? कारखान्याच्या गाडीमागे कंपनीची दुरुस्तीची मापं असतात. इथे बांधणाऱ्याची वही हीच मापं. विकत घेणाऱ्याला कोणते पाइप बदलले, ओढण्याआधी आणि नंतर कर्ण किती होते, हे फोटोंसकट मिळायला हवं. ते देता येत नसेल, तर माझ्या मते ती चासी रस्त्यावर येऊ नये.

गुण्या

वहीबद्दल पूर्ण सहमत. मूळ बांधणीची मापं माझ्याकडे आहेत, त्यांच्याच शेजारी नवी लिहीन.

मागच्या सांध्यांचा मुद्दाही टाळत नाही. पत्रे उतरवतो आणि आसनामागच्या आडव्या पाइपापर्यंत रंग घासून डाय मारतो. ओढण्याआधी एकदा, ओढून झाल्यावर परत एकदा. तुम्ही म्हणता तशी मागे एकही चीर निघाली, तर ही चासी मी कापणार नाही, नवीच बांधेन. नाही निघाली, तर तीन पाइप बदलतो. कर्णांची मापं आणि सुटलेल्या सांध्याचे जवळून घेतलेले फोटो इथेच टाकतो. तिरका_पाइप, पाइप फाटला आहे की वेल्ड सुटलं आहे, हे त्यात तुम्ही बघून सांगा.