हिरवा थर घासू नका प्लीज
वर कोणीतरी लिहिलंय की जुन्या ब्राँझच्या वस्तूवरचा हिरवा थर म्हणजे नुसता गंज, घासून टाकायचा. अहो, असं अजिबात करू नका! गडद, घट्ट बसलेला थर आतल्या धातूला सांभाळतो आणि अक्षरं, नक्षी बऱ्याचदा त्या थरातच टिकलेली असते, घासली की गेलीच कायमची. काळजी करायची ती फिकट हिरव्या भुरभुरीत ठिपक्यांची, बोटाला पिठासारखी पूड लागते बघा, म्हणजे आत क्युप्रस क्लोराइड (तांबं आणि क्लोरीनचं संयुग) दडलंय आणि हवेतल्या ओलाव्याने त्याची रिअ‍ॅक्शन चालू आहे, त्यातून अ‍ॅसिड बनतं, ते अजून तांबं खातं, परत क्लोराइड तयार, असं चक्रच लागतं. अशी वस्तू लगेच सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घालून हवाबंद डब्यात ठेवा, आर्द्रता ४०% च्या खाली, आणि कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा.