'जुनी हार्ड डिस्क केसिंगमध्ये घाला आणि संगणक चालवा' हा सल्ला खेड्यात देण्याआधी

दारव्हा_दुरुस्ती

परवा पऱ्हाटीतला_पेंग्विन यांनी येथे लिहिले की, विंडोज १० ची अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली म्हणून कोणी नवा संगणक घेऊ नये. जुन्या लॅपटॉपमधून निघालेली हार्ड डिस्क केसिंगमध्ये (यूएसबी वायरीने बाहेरून जोडायच्या डबीत) घालावी, तिच्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) चढवावे आणि हव्या त्या यंत्राला जोडून चालवावे, 'दहा मिनिटांचे काम आहे'. पोस्टखाली वाहवा झाली आणि आता तो सल्ला मानणारी मंडळी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेली असते, म्हणून हे सविस्तर लिहावे लागत आहे.

लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारे डोके जागेवर सरकण्याचे दहा-बारा मिलिसेकंद मिळवले, तर विखुरलेल्या लहान फायली वाचताना ती सेकंदाला पन्नास-साठ वाचनांच्या पुढे जात नाही. आणि ऑपरेटिंग सिस्टम सुरू होते ती अशाच हजारो फायली वाचून. यूएसबी २.० च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. फिरायला सुरुवात करताना जुन्या डिस्कला त्याहून जास्त लागू शकतात, मग ती टिकटिक करत बसते आणि मालक 'डिस्क गेली' म्हणून मोकळा होतो. पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचे तापमान बहुधा ५ ते ३५ अंश दिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, खोलीवर टिनपत्रे असतात आणि केसिंगला पंखा नसतो.

सर्वांत वाईट म्हणजे, उबुंटूच्या (लिनक्सच्या एका प्रकाराच्या) जुन्या इन्स्टॉलरला बाह्य डिस्क दाखवली तरी तो 'ग्रब' हा बूटलोडर, म्हणजे सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, आतल्या डिस्कच्या ईएफआय विभागात (सुरू होताना यंत्र जेथे पाहते त्या जागेत) टाकत असे. एका मुलाने तसेच केले, डिस्क मित्राला देऊन टाकली आणि घरच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढाच शब्द उरला. वडिलांना वाटले, लॅपटॉप जळाला. केसिंग आणि वायर यांच्या पैशांत भर घालून साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपांची डिस्क) सरळ यंत्राच्या आत बसवावी, लिनक्सही तिच्यावरच टाकावे, आणि हे लटकते प्रयोग बंद करावेत.

पऱ्हाटीतला_पेंग्विन

भाऊ, फेऱ्यांचा हिशेब तुम्ही चोख मांडला, परंतु तो आत बसवलेल्या ५४०० च्या डिस्कलाही तंतोतंत लागू पडतो. तीच डिस्क काल लॅपटॉपच्या पोटात होती तेव्हाही सेकंदाला पन्नास-साठच वाचने करीत होती. मग दोष बाहेर असण्याचा की चकतीचा, हे एकदा ठरवा. एसएसडी केसिंगमध्ये घालून यूएसबी ३.० ला जोडली आणि केसिंगची चिप यूएएसपी (यूएसबीवरून डिस्क वेगाने चालवण्याची पद्धत) जाणणारी असली, तर सेकंदाला ४०० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो. कार्यालयीन कामात आत-बाहेरचा फरक डोळ्यांना कळत नाही.

बूटलोडरचे म्हणाल, तर स्थापनेपूर्वी आतली डिस्क सोडवून ठेवावी, किंवा बाह्य डिस्कवर स्वतंत्र ईएफआय विभाग करून 'ग्रब-इन्स्टॉल'ला 'रिमूव्हेबल' हा पर्याय द्यावा. मग ती यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली, यंत्र सुरू करणारी प्रणाली) असलेल्या कोणत्याही यंत्रावर सुरू होते आणि आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. ज्याने सूचना वाचल्या नाहीत त्याचा लॅपटॉप तुमच्याकडे आला, ज्यांचे चालले ते कशाला येतील? दुरुस्तीवाल्याला सगळे जग बिघडलेलेच दिसणार.

दारव्हा_दुरुस्ती

तुमच्या पोस्टमध्ये 'एसएसडी' हा शब्द एकदाही नव्हता आणि 'जुनी हार्ड डिस्क' तीनदा होता. आतली डिस्क सोडवायची असेल तर पाठ उघडावीच लागते. आणि एकदा उघडलीच, तर नवी डिस्क आत बसवून का टाकू नये?

गुरुजी_रिसोड

कारण प्रत्येकाला पाठ उघडण्याचा अधिकार नसतो, भाऊ. आमच्या जिल्हा परिषद शाळेतील संगणक जडसंग्रह नोंदवहीत चढलेले आहेत. त्यातला एक स्क्रू मी फिरवला आणि उद्या ते यंत्र बंद पडले, तर खुलासा मला द्यावा लागतो. यंत्रे इतकी जुनी आहेत की त्यांत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे आहेत, त्यामुळे विंडोज ११ चा प्रश्नच मिटला. बाह्य एसएसडीवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) आणि जीकॉम्प्रिस (मुलांचे शैक्षणिक खेळ) टाकून मी ती पाठीमागच्या निळ्या पोर्टांत लावतो, तास संपला की काढून कपाटात ठेवतो, आणि नोंदवहीतले यंत्र जसेच्या तसे राहते.

अडचण आली ती पुढच्या पोर्टांमुळे. सुरुवातीला मी डिस्क समोर लावत असे. एका मुलाचा गुडघा वायरीला लागला, बाणाचे चिन्ह जागेवर थिजले आणि तो सगळ्या वर्गादेखत म्हणाला, 'सर, मी काहीच नाही केलं जी.' चालत्या सिस्टमखालून डिस्क निघाली की दुसरे काय होणार! तेव्हापासून वायर टेबलाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली असते.

मोर्शी_सेवाकेंद्र

तुमचे संगणक खेळायचे आहेत गुरुजी, आमचे पोटापाण्याचे आहेत. माझ्या भाच्याने हीच पोस्ट वाचून केंद्राच्या लॅपटॉपचे सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) बंद केले आणि बूटचा क्रम बदलला. पुन्हा विंडोज चालू करायला गेले, तर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दारात शेतकऱ्यांची रांग आणि आम्ही ती की मिळवायला जुन्या मोबाईलमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड शोधतो आहोत.

बरे, लिनक्स सुरू झाले तरी उपयोग काय? आमच्या बोटांच्या ठशांच्या यंत्राचा ड्रायव्हर विंडोजचा, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हरही विंडोजचा. आणि इतक्या वर्षांची प्रतिज्ञापत्रे व लग्नपत्रिका कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्या बाह्य डिस्कवर उघडल्या की वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. त्याबद्दल पोस्टमध्ये चकार शब्द नाही.

पऱ्हाटीतला_पेंग्विन

ताई, तो लिनक्सचा दोष नाही, कृतिदेवचा आहे. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांसाठीच्या अक्षरांच्या सामायिक संकेतात) आहे. इतक्या वर्षांनंतरही जे कृतिदेवमध्ये साठवतात, त्यांची अक्षरे कोणत्याही नव्या यंत्रावर अशीच मोडणार.

मोर्शी_सेवाकेंद्र

हे ज्ञान तहसीलच्या आवारात बसणाऱ्या अर्जनविसाला येऊन सांगावे. मराठी टंकलेखनाची ३० शब्दांची परीक्षा आम्ही रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळफलकाच्या पद्धतीवर उत्तीर्ण झालो आहोत. समोर माणूस उभा असताना 'र्‍या' कोठे आहे ते शोधायला बोटांना सवड नसते. तुमची पिढी मोबाईलवर इंग्रजीतून मराठी लिहिते आणि आम्हाला युनिकोड शिकवते!

गुरुजी_रिसोड

ताई, राग बाजूला ठेवून ऐका. कळफलक आणि फॉन्ट या दोन वेगळ्या बाबी आहेत. युनिकोडमध्येही रेमिंग्टन मांडणी मिळते; लिनक्सवर आयबस आणि एम१७एन ही टंकलेखनाची साधने बसवली की यादीत मराठी रेमिंग्टन सापडते. मात्र सगळ्या जोडाक्षरांच्या कळा जशाच्या तशा राहत नाहीत, हे मी मान्य करतो, कारण आमच्या लिपिकाने त्यावरून मला एक दिवस बोलणे सोडले होते.

दारव्हा_दुरुस्ती

कृतिदेवची टीटीएफ फाइल लिनक्सच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकली की जुनी प्रतिज्ञापत्रे लिब्रेऑफिसमध्ये वाचता येतात, एवढे मी स्वतः करून दिलेले आहे. डोंगलवर (यूएसबीत लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारे डीटीपी, म्हणजे छपाईच्या मांडणीचे सॉफ्टवेअर मात्र विसरा. म्हणजे सेवाकेंद्राला विंडोजच लागणार, आणि विंडोजचे नेहमीचे इन्स्टॉलर यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर बसायलाच नकार देते.

पऱ्हाटीतला_पेंग्विन

रुफस या यूएसबी डिस्क तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'विंडोज टू गो' निवडा, बसते.

दारव्हा_दुरुस्ती

बसते, आणि मग? मायक्रोसॉफ्टने यूएसबी डिस्कवरून विंडोज चालवण्याची ती सोय २०१२ मध्ये विंडोज ८ च्या एंटरप्राइज आवृत्तीत दिली आणि २०२० मध्ये काढून टाकली, म्हणजे आता तिला वाली नाही. ती चालू होती तेव्हाही डिस्क निसटली की संगणक थिजायचा आणि ६० सेकंदांत परत न लावल्यास बंद व्हायचा. ताईंच्या केंद्रात लाइन गेल्यावर इन्व्हर्टरकडे धावताना कोणाचा पाय वायरीत अडकेल, हे तुम्ही हिंगणघाटात बसून सांगणार काय?

मोर्शी_सेवाकेंद्र

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, धावावे लागत नाही. पण विंडोज वायरीवर टांगून मी सातबारा काढून देणार नाही, हे नक्की.

पऱ्हाटीतला_पेंग्विन

ठीक आहे. सेवाकेंद्राने हात लावू नये, गुरुजींनी जरूर वापरावे, आणि चकतीच्या डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी, असे पोस्टमध्ये वाढवून लिहितो. दारव्ह्याच्या दरबारातून एवढी सुटका तरी मिळावी.

दारव्हा_दुरुस्ती

पोस्टच्या पहिल्या ओळीत लिहा, शेवटी नको. शेवटपर्यंत वाचणारे माझ्या दुकानात येत नाहीत. बिटलॉकर चालू आहे की नाही ते पाहून ४८ अंकी की कागदावर उतरवल्याशिवाय बायोसला (यंत्र सुरू होण्याच्या सेटिंगना) हात लावू नये, हेही त्याच ओळीत घाला. गुरुजी, तुमच्या कामापुरते मी मान्य केले आहे, त्याचा पुरावा म्हणून हे छापून शाळेत लावू नका.

गुरुजी_रिसोड

छापायला प्रिंटरचा ड्रायव्हर लागतो, तो अजून मिंटवर सापडलेला नाही. कोणाला ठाऊक असल्यास सांगावे.