चिनी कॅलिग्राफीतल्या 'स्ट्रोक'ला मराठीत काय म्हणायचं?

मी सिंगापूरला असते, दोन महिने झाले घराजवळच्या क्लासमध्ये चिनी ब्रशने लिहायला शिकतेय. परवा आईला फोनवर म्हटलं आज तीन स्ट्रोक झाले, तर ती घाबरली, कुणाला आला म्हणून! आता तिला मराठीत काय सांगू? 'कुंचल्याचे फटकारे' आठवलं पण इथे तर सगळं सावकाश. साधी आडवी रेघ बघा, टोक आधी उलट डावीकडे टेकवायचं, दाबायचं, मग ब्रश उभाच धरून उजवीकडे न्यायचं, मधे जरा हलकं, शेवटी थांबून परत दाबायचं आणि टोक आत वळवून उचलायचं. ह्याला फटकारा कसं म्हणणार?

—

रेघ म्हणा की सरळ. आडवी रेघ, उभी रेघ, तिरकी रेघ. उगाच कशाला शब्द पाडायचे.

—

दादा, पण ठिपकापण त्यांच्यात स्ट्रोकच मोजतात, ठिपक्याला रेघ म्हणणार का?

—

मी मोडी शिकवतो म्हणून लिहितो. आपल्याकडे अक्षराच्या भागांना नावं आहेत, काना, वेलांटी, दांडी, गाठ वगैरे, पण हाताच्या एका हालचालीला वेगळं नाव निदान मला तरी सापडलं नाही. मोडीत तर आधी ओळभर शिरोरेघ मारून घ्यायची आणि खाली अक्षरं लिहीत जायचं, हात जमेल तेवढा कमी उचलायचा, त्यामुळे मोजायचं काय? शिवाय बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, जाड-बारीक त्या कोनामुळे येतं. ब्रशला ते दाबावर येतं, म्हणून त्यांना एकेका हालचालीची एवढी काळजी.

—

मोजण्यातच गोची आहे ताई. सरावाला 'योंग' हे अक्षर देतात ना? वांग शीज़ी या नामवंत चिनी कॅलिग्राफरच्या ३५३ सालच्या 'लानथिंगची प्रस्तावना' या लेखातलं ते पहिलंच अक्षर. (मूळ प्रत गेली, नकलाच उरल्यात.) त्यात स्ट्रोकचे आठ मूलभूत प्रकार येतात म्हणतात, पण डिक्शनरीत ते पाच स्ट्रोकचं! कारण आडवी, मग उभी, मग खालचा हुक हे तिन्ही ब्रश न उचलता होतं, म्हणून तो एकच, आणि डावीकडची छोटी चढती नि तिला जोडलेली लांब डावी तिरकी मिळूनही एकच. म्हणजे आपल्याला दोन शब्द लागणार, एक मोजायला आणि एक हाताच्या ढबीला.

मोजायला 'उचल' कसा वाटतो? पाच उचलींचं अक्षर.

—

उचल म्हणजे पगारातली ॲडव्हान्स हो 😀

—

आठ प्रकारांची जुनी नावं बघितली तर मजा आहे. आडवीचं नाव लगाम खेचण्यावरून, छोट्या डाव्या तिरकीचं चोच मारण्यावरून, लांब डावीचं केस विंचरल्यासारखं, हुकचं उडी, आणि उजवीकडे खाली पसरत जाते तिचं तर चक्क चिरफाड. आणि खालून वर जाणाऱ्या छोटीचं नाव काय, तर चाबूक! म्हणजे फटकारा हा शब्द चुकीचा नाहीये, फक्त तो आठातल्या एकाचा आहे. घोडाच आहे सगळा, लगाम पण आणि चाबूक पण.

बाकीच्यांना मी 'ओढ' म्हणेन. रेघ ओढतोच आपण, लगामही ओढतो, नदीच्या पाण्यालाही ओढ असते.

—

ओढ म्हटलं की माहेरची आठवते पण.

—

आठवू दे की, परदेशात बसून लिहितेय ती.

—

मूळ प्रश्नवाली: ओढ आवडला! ठिपका ठिपकाच राहू दे. आज उभीच्या शेवटाचे दोन प्रकार शिकले, एकीचं टोक दवाच्या थेंबासारखं गोल ठेवायचं, दुसरीचं सुईसारखं निमुळतं. सुई काही जमेना, प्रत्येक वेळी थेंबच होतोय. आईला सांगितलं आज दोन ओढी आणि एक फटकारा, तर म्हणाली फटकारा कुणाला दिलास?