खुब्याचं ऑपरेशन आणि पोटरीची सूज

खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी वॉकर हातात देणं म्हणजे म्हाताऱ्यांचा छळ, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. पडून राहिलं की पोटरीच्या शिरांत रक्त साकळतं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. डिस्चार्ज मिळाला म्हणून धोका संपत नाही, खुब्याच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवणारं औषध ३५ दिवसांपर्यंतही देतात ते त्यासाठीच.

आमच्या आईचा एकच पाय घरी आल्यावर नवव्या दिवशी सुजला. आम्ही आपले मिठाच्या पुरचुंडीने शेकत बसलो (शेजारच्या काकूंचा सल्ला!). टाके काढायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या. जवळजवळ चार सेंटिमीटरचा फरक. लगेच कलर डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), आणि गुठळी निघालीच. चोळलं नाही हे नशीब.