पुदिना टिश्यू कल्चर: खोडाच्या बुडाशी दुधाळ वलय

हिरवीकाडी, परळ
कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्यांतल्या निर्जंतुक माध्यमावर पुदिन्याची पेरं (खोडाचे गाठीसह तुकडे) लावतोय. एमएस माध्यम (रोपांना लागणाऱ्या क्षारांचं ठरलेलं मिश्रण), लिटरला साखर ३० ग्रॅम, अगर (माध्यम घट्ट करणारी पूड) ६ ग्रॅम, बीएपी (फुटवे आणणारं संप्रेरक) २ मिलिग्रॅम. बुरशी फारशी नाही, पण आठवड्याभरात खोडाच्या बुडाशी दुधाळ वलय येतं. जी वाचतात त्यांची पानं काचेसारखी, ठिसूळ. निर्जंतुक करायला ब्लीच १० ऐवजी २० मिनिटं दिलं तर तुकडेच पांढरे पडले. काड्या दादरच्या भाजीबाजारातल्या जुडीच्या.

पेरकांडं
दोष जुडीचा. वलय बॅक्टेरियाचं आहे आणि ते खोडाच्या आत आहेत. ब्लीच फक्त बाहेरचं मारतं. वेळ वाढवली की आधी पुदिनाच मरतो.

जुडीतल्या काड्यांना पाण्यात मुळं फुटू द्या, मग कुंडीत लावा. कुंडी पावसाच्या माऱ्यात नको आणि पाणी मातीतच घाला, पानांवर नाही. तीन-चार आठवड्यांनी नव्या फुटीचं शेंड्याकडून दुसरं-तिसरं पेर घ्या, जमिनीलगतचं कधीच नको. पानं देठापाशी छाटा, कारण लवेत बुडबुडे अडकतात आणि तिथे ब्लीच पोचत नाही.

पाण्यात ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) चे दोन थेंब घालून धुवा, मग अर्धा तास वाहतं पाणी. ७० टक्के अल्कोहोल ३० सेकंद, १ टक्का क्लोरीनचं ब्लीच ८ ते १० मिनिटं हलवत, मग निर्जंतुक पाणी तीनदा. ब्लीचने पांढरी पडलेली दोन्ही टोकं कापूनच तुकडा माध्यमात रोवा. ब्लीच ताजं घ्या, इथल्या उकाड्यात जुन्या बाटलीतला क्लोरीन उडून गेलेला असतो.

अगरवाला
काचेरी पानांचं कारण वेगळं: बीएपी जास्त, अगर कमी, बाटलीत दमट हवा कोंडलेली. बीएपी ०.५ वर आणा, अगर ८ ग्रॅम. माध्यमाचा पीएच (आम्लता) अगर घालण्याआधीच ५.८ वर आणा. फार उतरला तर माध्यम नीट घट्ट होत नाही. रॅकच्या ट्यूबलाइटचे चोकही बघा. त्यांनी वरच्या फळीवरच्या बाटल्यांचं बूड तापतं आणि झाकणाखाली पाणी जमतं. चोक खोलीबाहेर काढलेले बरे. पावसाळ्यात कापसाचे बोळे वापरू नका, ओल धरतात आणि बुरशी त्यातूनच आत उतरते.

हिरवीकाडी, परळ
मर्क्युरिक क्लोराइड (पाऱ्याचं जंतुनाशक) किंवा सेफोटॅक्सिम (अँटिबायोटिक) चालेल का?

पेरकांडं
पारा खोडाच्या आत पोचत नाही, शिवाय ते पाणी सिंकमध्ये ओतायचं नसतं. सेफोटॅक्सिमने वलय दबतं, पण बंद केलं की बहुधा परत येतं. मातृरोप, म्हणजे ज्याची पेरं घेतो ते रोप, स्वच्छ करणं स्वस्त पडतं. नुसती रोपं वाढवायची तर पुदिना पाण्याच्या ग्लासातही मुळं धरतो; एवढा खटाटोप निरोगी, एकसारख्या रोपांसाठीच.

अगरवाला
मुळांसाठी अर्ध्या ताकदीचं एमएस, संप्रेरक न घालता. पुदिन्याला आयबीए (मुळं फोडणारं संप्रेरक) सहसा लागत नाही. बाहेर काढताना मुळांवरचं अगर पूर्ण धुवा, राहिलेल्या साखरेवर बुरशी येते. कोकोपीट-परलाइटमध्ये (नारळाचा भुसा आणि हलके पांढरे खडे) लावून वर पारदर्शक झाकण, आणि ते रोज थोडं जास्त उघडायचं. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेतच ओल असते, तेव्हा रोपं गॅलरीत सावलीला लवकर सरावतात. एसीच्या खोलीत झाकण काढलंत तर माना टाकतील.