मदत हवी आहे: अक्कांची गर्भपिशवी तिशीत काढली, आता मलाही तेच सांगतायत

नमस्कार. मी केज तालुक्यातल्या एका गावात राहते, वय ४६. घरी थोडी शेती आहे, मी शिवणकाम करते.

माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, चौदा हंगाम ऊसतोडीला गेल्या. ३२ व्या वर्षी त्यांच्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली आणि "पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल" असं सांगितलं. मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन झालं. "लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम," असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. ते आठवलं की अजून जीव तुटतो. दोन महिन्यांत त्या परत फडात मोळ्या वाहत होत्या.

आज अक्का ४५ वर्षांच्या आहेत. ऑपरेशननंतर वर्षाच्या आतच अंगातून वाफा निघायला लागल्या. ऐन थंडीत पदरानं वारा घालायच्या, रात्रभर झोप नसायची. गेल्या दिवाळीत सपाट अंगणात पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं, पण हाडं तपासा असं कोणी म्हटलं नाही. आता खाली बसल्या की भिंतीला धरून उठतात. विचारलं तर म्हणतात, "वयच झालं माय." ४५ हे काय वय आहे का?

आता माझं. दीड वर्षापासून पाळी वीस-बावीस दिवसांनी येते, आठ-आठ दिवस जाते, रक्ताच्या गाठी पडतात. एचबी ८.४ आहे. सोनोग्राफीत पिशवीत दोन सेंटिमीटरची एक गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात अॅडमिट व्हा, पिशवी काढून टाकू. घरचेही म्हणतात, एकदाची कटकट मिटेल. पण अक्कांना रोज डोळ्यांसमोर बघते आणि मला सही करवत नाही.

पिशवी न काढता रक्तस्राव थांबवता येतो का? आणि अक्कांच्या हाडांसाठी आता काही करता येईल, की वेळ गेली? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी आरोग्यसेविका होते, निवृत्त झाले. सही करू नका, आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. दोन सेंटिमीटरची गाठ म्हणजे लगेच ऑपरेशन, असं नसतं. थायरॉइड तपासा. वय ४५ च्या पुढे आणि पाळी अशी बिघडलेली, तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा घेऊन तपासणी करायला सांगा. ती टाळू नका, कॅन्सरची शंका खरी तिथेच फिटते. ती स्वच्छ आली तर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे. कितीतरी बायांचं एवढ्यावर भागतं. लोहाच्या गोळ्या आजपासूनच सुरू करा, पण चहासोबत नको आणि कॅल्शियमसोबतही नको.

तुमच्या जिल्ह्यात हे किती झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. २०१९ मध्ये शासनाच्या समितीनं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून खासगी दवाखान्याला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. तुमच्या डॉक्टरांना ती विचारा.

अक्कांचा जुना डिस्चार्ज कागद शोधा. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली का, ते बघा. काढली असतील तर पाळी जाण्याचं वय त्यांना ३२ व्या वर्षीच आलं. तेव्हापासून हाडं झिजतात, हृदयाचा धोकाही वाढतो. अशा बाईला एरवी पाळी ज्या वयात जाते तिथपर्यंत हार्मोन देतात, मात्र स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या नसाव्यात. ते डॉक्टर ठरवतील. सपाट जागेवर पडून मनगट मोडलं म्हणजे डेक्सा, म्हणजे हाडं किती झिजलीत ते मोजणारी तपासणी, व्हायलाच हवी. हाडं आणखी झिजू नयेत म्हणून औषधं मिळतात, वेळ गेलेली नाही. बीपी आणि साखरही बघा. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधातून त्याचा पाचवा हिस्सा मिळतो, म्हणून तिळाची चटणी आणि नाचणी रोजच्या ताटात ठेवा. सकाळी थोडं उन्हात चालणं हवं. आणि घागर-हंडा डोक्यावर घेणं बंद करा त्यांचं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

ताई, तुमचे उपकार कसे फेडू? पत्र्याच्या पेटीत अक्कांचा कागद सापडला. मुलानं वाचून दाखवला, दोन्ही अंडाशयं काढलीत. अक्कांना हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. कागद हातात घेऊन खूप वेळ नुसत्या बसून राहिल्या.

माझं अॅडमिट होणं रद्द केलंय. सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जातोय. अक्कांचा केसपेपर आधी स्त्रीरोग विभागाचा काढावा की हाडांच्या विभागाचा? एका दिवसात दोन्हीकडे दाखवून होतं का?