हायवेच्या कामात खर्च आवरतच नाहीये, हिशोब कुठून धरू?

खडी_मुरूम:
सबकॉन्ट्रॅक्टरकडे साईट इंजिनियर आहे, मराठवाड्यात चौपदरीचं काम. रेट २ वर्षांपूर्वी फिक्स झालेत, आता डांबर वाढलं डिझेल वाढलं आणि त्यात जवळची खदान बंद पडली म्हणून खडी १२ ऐवजी ३० किमीवरून येतेय. मालक रोज एकच सांगतो, माणसं कमी करा. त्याने कितीसे वाचणार?

बिलिंगवाला:
माणसांना हात लावू नका हो, पैसा मटेरियल आणि मशिनरीत जातोय. आधी लीड बघा, म्हणजे माल किती लांबून येतो ते. ८ मीटर रुंद, २०० एमएम जीएसबी (रस्त्याचा खालचा खडी-मुरमाचा थर) म्हणजे किमीला १६०० घनमीटर दाबलेला माल, सुटा धरला तर २००० च्या आसपास. १६ घनमीटरच्या हायवा डंपरने सव्वाशे खेपा. जाऊन-येऊन ३६ किमी जादा म्हणजे ४५०० किमी, लिटरला ३ चं ॲव्हरेज धरलं तरी किमीमागे दीड हजार लिटर डिझेल नुसतं लीडमध्ये! आणि करार काढून वाचा. मेन काम ईपीसी (डिझाइन, खरेदी, बांधकाम सगळं एकाच कंत्राटदाराकडे) असेल तर वरच्या कंत्राटदाराला बहुतेक प्राइस ॲडजस्टमेंट (भाववाढीची भरपाई) मिळतं, डांबर-डिझेलच्या इंडेक्सवर. तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये बॅक टू बॅक, म्हणजे वरच्या कराराच्याच अटी तुम्हालाही लागू, असं लिहिलंय का? नसेल तर वाढ तुमच्याच बोकांडी.

प्लांटवाला_७१:
डांबर-खडी मिसळणाऱ्या हॉट मिक्स प्लांटचं कॅलिब्रेशन (मापं तपासून जुळवणं) कधी केलंय? ७ मीटरचा रस्ता, ५० एमएम डीबीएम (डांबर-खडीचा थर), किमीला साधारण ८२० टन मिक्स होतं. डांबर ०.२ टक्के जास्त पडलं तर किमीला १.६ टन उडालं, कुणाला कळतही नाही. आमच्याकडे लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) बिघडलेला, महिनाभर तसाच चालवला 😐

कोकणी_माणूस:
हे सगळं ठीक पण जमीन ताब्यात आहे का? आमच्याकडे मुंबई-गोवा हायवेचा पनवेल-इंदापूर ८४ किमी, २०११ ला काम सुरू झालं आणि पुढची दहा वर्षं सुद्धा पुरली नाहीत. तुकड्या-तुकड्याने जागा मिळाली की पेव्हर (डांबर-खडी पसरवणारं मशीन) उभा, रोलर उभा, भाडं मात्र चालू. विजेचे खांब न हलवता रस्ता पुढे नेणारे तर महानच.

खडी_मुरूम:
वर्क ऑर्डर काढली, एस्कलेशनचं (भाववाढीचं) एक अक्षर नाही 🤦 लीडचा कागद उद्या मालकापुढे ठेवतो. लोड सेलचं मात्र आमच्या प्लांटवाल्याला विचारायचीच भीती वाटतेय, तो मालकाचा मेहुणा आहे.